सरकतं काय : चित्र की चाल?

मंडळी, १९१४ सालचा ‘गर्टी द डायनोसॉर’ आठवा. विन्सर मॅके यांनी त्यासाठी हजारो चित्रं हातानं काढली. मागचे डोंगर-दगडसुद्धा दर कागदावर नव्यानं काढावे लागत; ते काम त्यांचे मदतनीस जॉन फिट्झसिमन्स करीत. कागद जरा हलला की पडद्यावर डोंगर थरथरणार! त्याच सुमारास राउल बारे यांनी कागदाला भोकं पाडून तो खुंट्यांवर बसवायची पद्धत आणली. जागा पक्की झाली. पण डोंगर तिथेच ठेवून गर्टीला बोटभर डावीकडे न्यायचं असतं, तर? दोन्ही एकाच कागदावर. म्हणजे सगळं पुन्हा काढा.

आज ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये मल्टिफ्रेमची सोय सुरू करायची, हव्या त्या फ्रेम निवडायच्या आणि त्यांतल्या रेघा एकदमच सरकवायच्या.

आता गंमत बघा. सगळ्या फ्रेम सारख्याच सरकल्या, तर चाल तीच राहते. मधली एकच सरकली, तर पात्र गचका खातं. झेनो म्हणे, सुटलेला बाण प्रत्येक क्षणी स्थिरच असतो. मग पडद्यावरची गती कुठे असते? एका चित्रात नव्हे, दोन चित्रांमधल्या फरकात. हे साधन तो फरक जपतं. मात्र मुळात चालच चुकली असेल, तर ती चूकही तितक्याच इमानानं जपतं.