टेबलप्रेस

वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटसाठी तक्ते तयार करणारे, सांभाळणारे आणि पानांत बसवणारे प्लगइन. कर्ता जर्मन प्रोग्रामर टोबियास बेथगे. त्याच्याच ‘डब्ल्यूपी-टेबल रीलोडेड’ या जुन्या प्लगइनची जागा याने घेतली. मूळ आवृत्ती मोफत आहे.

वेबपानावर तक्त्याइतका हट्टी घटक दुसरा नाही. पडदा अरुंद झाला की परिच्छेद निमूट चार ओळी जास्त घेतो, चित्र आक्रसते. सहा रकाने मात्र अंग चोरत नाहीत. बाजारभावाचा तक्ता घ्या: शेतमाल, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. संगणकावर तो ऐसपैस बसतो. उभ्या धरलेल्या मोबाइलला वेबच्या मापात जेमतेम ३६० ते ४०० पिक्सेलची रुंदी असते, आणि ज्यासाठी पान उघडले तो सर्वसाधारण दरच उजव्या कडेबाहेर जातो. एथन मार्कॉटने मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली, तेव्हा त्याची साधने तीन होती: प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी. तक्त्याचे कोडे तेवढ्याने सुटत नाही, कारण ओळ आणि रकाना यांचे नाते मोडले तर आकडे निरर्थक होतात.

टेबलप्रेसमध्ये तक्ता पानात लिहायचा नसतो. तो डॅशबोर्डमध्ये वेगळा तयार होतो. हाताने भरा किंवा एक्सेलची, सीएसव्हीची फाइल आयात करा. प्रत्येक तक्त्याला क्रमांक मिळतो. पानात घालायचा तो फक्त त्या क्रमांकाचा, चौकटी कंसातला एका ओळीचा शॉर्टकोड. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० सोबत ब्लॉक एडिटर आला, आणि पुढे टेबलप्रेसमध्ये शॉर्टकोडऐवजी ब्लॉकचीही सोय झाली. भाव बदलला की दुरुस्ती एकाच जागी. तक्ता ज्या ज्या पानांवर आहे तिथे तो आपोआप बदलतो. वाचकाला मिळणारी शोधपेटी, रकान्यानुसार क्रमवारी आणि पानवारी ही अ‍ॅलन जार्डिनच्या ‘डेटाटेबल्स’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीची देणगी. अर्थात दोन रकाने आणि पाच ओळीच असतील, तर वर्डप्रेसचा स्वतःचा टेबल ब्लॉक पुरतो. प्लगइनचा भार उगाच कशाला?

मोबाइलसाठी चार रीती आहेत, मात्र संपूर्ण संच सशुल्क आवृत्त्यांत मिळतो. स्क्रोलमध्ये तक्ता तसाच राहून बोटाने आडवा सरकतो. कोलॅप्समध्ये न मावणारे रकाने दडतात आणि ओळीच्या सुरुवातीचे बटण दाबले की खाली उलगडतात. फ्लिपमध्ये शीर्षकाची ओळ डाव्या बाजूला उभी होते. स्टॅकमध्ये एका ओळीतली घरे एकाखाली एक रचली जातात. भाव ताडून पाहायचे असतील तर स्क्रोलच बरा, कारण रकाना अखंड राहतो. सभासदांच्या यादीत माणूस एकच नाव शोधत असतो. तिथे कोलॅप्स शोभतो. स्टॅक दिसायला नेटका, पण पन्नास ओळींचा तक्ता रचला की वाचकाचा अंगठा दुखतो. शिवाय नुसत्या स्टाइलने घरांची मांडणी मोडली, तर काही ब्राउझरांत अंध वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो तक्ता म्हणून ओळखूच येत नाही. पहिली ओळ शीर्षक म्हणून नोंदवण्याची खूण विसरू नये ती याच वाचकांसाठी.

मराठी वेबसाइटला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. दुसरी अडचण अंकांची. जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरीतले ‘१०००’ ही संख्या नसून मजकूर आहे. अक्षरागणिक तुलना झाली, तर १००० चा दर ९०० च्या आधी येऊन बसतो. म्हणून क्रमवारी चालू करण्याआधी ती एकदा पाहून घ्यावी. शोधपेटीचेही तेच. तक्त्यात १८५० लिहिले असेल आणि वाचकाने मोबाइलवर इंग्रजी अंकांत अठराशे पन्नास टाकले, तर ती ओळ सापडत नाही.