न झालेला अंतिम सामना

गेलिक फुटबॉलची तीन राष्ट्रीय विजेतेपदं लाउथच्या नावावर आहेत: १९१०, १९१२ आणि १९५७. आयर्लंडमधली ही सगळ्यांत लहान काउंटी, त्यामुळे तिन्हींचं अप्रूप मोठं. पण पहिल्याचा विषय निघाला की लाउथमधल्या आमच्या डंडॉकची म्हातारी माणसं आवाज चढवून बोलू लागतात. त्या वर्षीचा अंतिम सामना झालाच नव्हता.

माझा मुलगा इथल्या क्लबात खेळायला लागला आणि शेजारच्या आजोबांना हक्काचा श्रोता मिळाला. चेंडू हातात घेता येतो, पायानेही मारता येतो. आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि वरून गेला तर सहसा एक गुण, एवढं त्याला कळलं होतं. बाकीचं आजोबांनी शिकवलं. त्या काळी एका बाजूला सतरा गडी असायचे. गोलखांबांना आजचा आकारही १९१० सालीच मिळाला. खेळणारे शेतकरी, दुकानांत राबणारे, गोदीतले हमाल. खेळण्याचा मोबदला कुणालाच नाही. हे सांगून झालं की आजोबा रेल्वेवर यायचे.

१९०९ च्या अंतिम सामन्यात डब्लिनमध्ये केरी काउंटीने लाउथला हरवलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. तारीख ठरली १३ नोव्हेंबर १९१०, मैदान डब्लिनचं जोन्स रोड. डंडॉकहून डब्लिन जेमतेम ऐंशी किलोमीटर, आणि लाउथची गाडी ग्रेट नॉर्दर्न कंपनीची. केरी मात्र पार नैऋत्येच्या टोकाला. तिथून निघायचं तर ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेशिवाय इलाज नव्हता. सवलतीच्या तिकिटांवरून केरीचं आणि त्या कंपनीचं बिनसलं. कंपनी हटेना, केरीही हटेना. गतविजेता संघ डब्लिनला गेलाच नाही आणि खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या मध्यवर्ती मंडळाने लाउथला पुढे चाल दिली.

“आमच्या गड्यांनी मागितली नव्हती ती,” आजोबा म्हणतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीला हाच सल होता. आदल्या साली हरलेल्यांना परतफेड मैदानात करायची होती. हातात आला तो कागदावरचा निर्णय. त्यामुळे १९१२ मध्ये अँट्रिमला हरवून लाउथने विजेतेपद मिळवलं तेव्हा इथल्या घरांत आनंदापेक्षा सुटका जास्त होती, असं ते सांगतात. मला ते पटतं.

दुसरी बाजू मी केरीतल्या किलार्नीत ऐकली. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी नव्वदीला टेकलेल्या. लाउथचं नाव काढताच त्या ताठ बसल्या. त्यांच्याकडे चालत आलेल्या कथेत केरीची मंडळी रडीचा डाव खेळणारी मुळीच नव्हती. आठवडाभर राबायचं, रविवारी अर्धा देश ओलांडायचा, रात्री परतून सोमवारी पुन्हा कामावर उभं राहायचं. त्यांच्या खेळासाठी माणसं तिकीट काढणार आणि कंपनीच्या गाड्या भरणार. अशांनी थोडी सवलत मागितली तर ती भीक कशी? “आम्ही हरलो नाही, आम्ही गेलो नाही,” आजी म्हणाल्या. विजेतेपद हातातलं सोडून त्यांनी आपला मान राखला. मी राहते लाउथमध्ये, तरी केरीच्या त्या निर्णयाबद्दल मला आदर वाटतो. पुढे त्या कंपनीची वारस असलेल्या ग्रेट सदर्न रेल्वेजनेच प्रांतांच्या स्पर्धेसाठी चषक दिला. १९२७ पासूनचा तो रेल्वे कप.

राहिलेली लढत अखेर १९१३ मध्ये झाली, तीही एकदा नव्हे, दोनदा. संघटनेचे आश्रयदाते आर्चबिशप टॉमस क्रोक यांच्या स्मारकासाठी निधी उभारायला स्पर्धा ठेवली होती, आणि तिच्या अंतिम फेरीत लाउथ आणि केरी आले. मे महिन्यातला सामना बरोबरीत सुटला. २९ जूनला पुन्हा खेळायचं ठरलं, तेव्हा जादा गाड्या सोडाव्या लागल्या. किलार्नीचा डिक फिट्झगेराल्ड हा त्या केरी संघाचा कणा. केरी दोन गोल चार गुण, लाउथ नुसतेच पाच गुण. लाउथ हरला. एवढी गर्दी या खेळाने तोवर पाहिली नव्हती. ती नुसत्या स्मारकासाठी जमली असं मला वाटत नाही. तीन वर्षं मनात साठलेला १९१० चा सामना बघायला माणसं आली होती.

गल्ला अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे गेला. जोन्स रोडची जागा संघटनेचे जुने पदाधिकारी फ्रँक डिनीन यांनी १९०८ मध्ये, ती खेळाच्या हातून जाऊ नये म्हणून, स्वतः विकत घेऊन ठेवली होती. या गल्ल्याच्या बळावर १९१३ च्या डिसेंबरात संघटनेने ती त्यांच्याकडून ३,५०० पौंडांना घेतली आणि नाव दिलं क्रोक पार्क. आजही राष्ट्रीय अंतिम सामने तिथेच होतात.

आजोबांचे वडील तेरा वर्षांचे असताना आपल्या वडिलांचं बोट धरून जूनच्या त्या सामन्याला गेले होते. त्या दोन तिकिटांचे पैसे मैदानाच्या खरेदीत पडले, म्हणून तिथली मूठभर जमीन आमच्या घराची, असं आजोबा माझ्या मुलाला गंभीरपणे सांगतात, आणि आता तू डंडॉकचा झालास, तेव्हा त्यात तुझाही वाटा, असंही.