दंडावरच्या व्रणाची साक्ष

देवीची लस टोचण्याला मराठीत ‘देवी काढणे’ म्हणत. दंडावर फोड उठला, तरच लस लागू पडली असे मानले जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली आणि तिच्या फोडातल्या द्रवाने पुढची मुले टोचली गेली. त्वचेची प्रतिक्रिया हीच लसीची खूण होती आणि तिचा साठाही.

पण हाच दंड धोकाही दाखवत होता. १८६१ मध्ये इटलीतल्या रिव्हाल्टा येथे एका मुलाच्या फोडातून इतर मुलांना उपदंश झाला. इसब असलेल्यांच्या अंगावर फोड पसरत, क्वचित मृत्यूही येई. मग लस घातकच, हे लसविरोधकांचे म्हणणे खरे ठरते का? नाही. देवीचा रोग दहा रुग्णांतल्या सुमारे तिघांचा जीव घेई. शिवाय हे अपाय नोंदले गेले म्हणूनच दंडावरून दंडावर टोचणे मागे पडले, वासरांपासून लस बनू लागली आणि इसब असणाऱ्यांना वगळण्याचा नियम आला. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाले. म्हणून आजही कोणत्याही लसीवरचा विश्वास टिकवायचा, तर लसीनंतरच्या पुरळाची प्रत्येक तक्रार नोंदवलीच पाहिजे. ती झाकली, तर अफवांनाच बळ मिळते.