चुंबक कोणाच्या पाण्यावर फिरतो?

राजेहो, मोझरीहून अमरावतीला जाताना नांदगाव पेठ लागतं. तिथल्या औष्णिक केंद्रात वीज बनते ती १८३१ सालच्या एका शोधावर.

त्या साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला आणि तारेत वीज वाहिली. चुंबक थांबला की वीजही बंद! जुन्या सायकलच्या डायनामोत हेच व्हायचं. डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड जायचं. म्हणजे वीज फुकट येत नाही, कोणीतरी जोर लावावाच लागतो.

पुढचा सगळा इतिहास हा जोर कोणी लावला याचा आहे. १९१५ मध्ये टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीत उतरवून जनित्रं फिरवली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९६२ मध्ये कोयना सुरू झालं. आपल्या वऱ्हाडात पारस आणि नांदगाव पेठला हे काम कोळशावर तापलेली वाफ करते, मिनिटाला ३००० फेरे!

पण वाफ करायला आणि ती पुन्हा थंड करायलाही पाणीच लागतं. नांदगाव पेठला ते अप्पर वर्धा धरणातून येतं, आणि धरण तर ओलितासाठी बांधलेलं. म्हणूनच या प्रकल्पाच्या वेळी शेतकरी रस्त्यावर उतरले होते.

वीजबिलात युनिट दिसतात, पाणी दिसत नाही. नवा प्रकल्प येतो म्हटलं की मेगावॅट विचाराच. पण पाणी कोणाच्या वाट्याचं, हेही ग्रामसभेत विचारा.

जय गुरुदेव!