पायांची वळवळ आणि मेंदूतले लोह

भोर आणि वेल्हे भागात आषाढात भातलावणी चालते. दिवसभर चिखलात वाकून लावणी केल्यावर संध्याकाळी पाय भरून येतात आणि रात्रभर झोप काढली की सकाळी हलके होतात. पण काहींचे पाय वेगळेच वागतात. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत किडे वळवळल्यासारखे वाटते आणि पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले चालले की बरे, पुन्हा पडले की पुन्हा तेच. ‘दमली असेल’ म्हणून घरचे सोडून देतात. पण दमलेला पाय विश्रांतीने शांत होतो, हा पाय विश्रांतीनेच बिघडतो. वैद्यकात याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे मूळ पायात नसून मेंदूत शोधले पाहिजे, हे कळायला तीनशे वर्षे लागली.

मेंदूच्या रचनेचा अभ्यास करणारे इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. पडल्यापडल्या त्यांचे हातपाय असे उसळत की झोप म्हणजे छळच होई. पुढे १८६१ मध्ये जर्मन वैद्य विटमाक यांनी या विकाराला ‘नडग्यांची चिंता’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि त्याला हिस्टेरियात जमा केले. कारण सापडले नाही की रोग्याच्या, त्यातही स्त्रीच्या, मनावर खापर फोडायचे, ही सोय फार जुनी आहे! स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये या विकाराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे तो स्वतंत्र आजार म्हणून मान्य झाला.

खरा धागा मात्र १९५३ साली हाती आला. नॉर्डलँडर या स्वीडिश डॉक्टरांनी अशा रुग्णांना शिरेतून लोह दिले आणि पुष्कळांना आराम पडला. विशेष म्हणजे ज्यांना रक्तक्षय नव्हता, त्यांतल्याही काहींना. रक्तात लोह पुरेसे असूनही शरीराच्या एखाद्या ऊतीत ते कमी असू शकेल, असा तर्क त्यांनी केला. पण जिवंत माणसाच्या मेंदूतले लोह मोजायचे कसे? तर्क तसाच पडून राहिला.

दरम्यान १९८२ मध्ये तुर्कस्तानचे डॉ. अकपिनार यांनी कंपवाताचे औषध लेव्होडोपा या रुग्णांना लागू पडते, हे दाखवले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामाइन बनते. आता दोन टोके जुळू लागली. शरीरात डोपामाइन तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला काम करायला लोह लागते.

राहिलेले काम एमआरआयने केले. या यंत्रात शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवतात. रेडिओलहरींनी ती डिवचली की त्यांच्याकडून संदेश येतो आणि हळूहळू विरतो. आसपास लोह असेल तर तो लवकर विरतो. वर्गात टेबलावर पाच-सहा होकायंत्रे मांडावीत, सर्व सुया एका दिशेला असतील. मध्येच लोखंडाचा तुकडा ठेवला की सुयांची एकवाक्यता मोडते. उपमा ढोबळ आहे, पण लोह आसपासचे चुंबकक्षेत्र विस्कटते ही गोष्ट तीच. तेव्हा संदेश किती वेगाने विरतो यावरून लोहाचा अंदाज बांधता येतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ॲलन, अर्ली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच रुग्ण आणि पाच निरोगी माणसांचे मेंदू असे मोजले. डोपामाइन बनवणाऱ्या पेशींचा ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ हा जो काळसर भाग मध्यमेंदूत असतो, तेथे रुग्णांमध्ये लोह कमी आढळले. ज्याचा त्रास जास्त, त्याचे लोह अधिक कमी! नॉर्डलँडर यांचा तर्क अठ्ठेचाळीस वर्षांनी चित्रात दिसला.

पाच ही संख्या लहान आहे, अशी शंका आम्हालाही आली. पण २००३ मध्ये कॉनर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हाही त्याच जागी लोहाचा तुटवडा दिसला, आणि पेशी मात्र शाबूत होत्या. कंपवातात त्या मरतात, येथे त्या उपाशी असतात. पुढे हॉपकिन्सच्याच गटाला असे दिसले की ज्यांना पंचेचाळिशीनंतर त्रास सुरू होतो, त्यांच्यात ही उणीव तशी दिसत नाही. म्हणजे सगळे पाय एकाच कारणाने वळवळत नाहीत.

एमआरआयने या विकाराचे निदान मात्र करत नाहीत. ते चार प्रश्नांवर होते. पाय हलवण्याची ओढ लागते का? ती बसल्या-पडल्या वाढते का? हालचालीने कमी होते का? संध्याकाळी-रात्री जास्त असते का? मुलांनाही हा त्रास होतो आणि ‘वाढीचे दुखणे’ म्हणून दुर्लक्षिला जातो. उत्तरे होकारार्थी असतील तर डॉक्टर इतर कारणे तपासून फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची, रक्तचाचणी करायला सांगतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा आटलेला असू शकतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भोरजवळच्या रायरेश्वर पठारावरची लाल माती लोहाच्या ऑक्साइडनेच लाल झालेली आहे. पण ते ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पिकात थोडेच उतरते. भाकरी-भाजीतल्या लोहापैकीही आतडे लहानसा वाटाच शोषते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तोही घटतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याच लोहाची आहे. मुली ती बाकाखाली टाकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.