नोंदवहीच्या सातव्या पानावर भाष्य

पाटसच्या आमच्या जुन्या घरात एका नर्तकीचं छायाचित्र निघालं. त्याची मी नोंद केली, ती अवघी पाच ओळींची. एकेका ओळीमागे महिने गेले आणि एक ओळ खोडून पुन्हा लिहावी लागली, म्हणून हे भाष्य.

*‘घरची पत्र्याची ट्रंक. आजोबांचे कागद. सातबाराच्या दोन उताऱ्यांमध्ये.’*

आजोबा दौंडला रेल्वेत होते. ट्रंकेत पासबुकं, लग्नपत्रिका, पावत्या आणि मधेच हे कार्ड. ते उचलण्याआधी आहे त्या जागी मोबाईलवर टिपून घेतलं. कागद कुणाच्या शेजारी पडला होता, हे एकदा हललं की कुणालाच सांगता येत नाही. घरात तोवर गोष्ट तयार झाली होती की आजोबांनी मुंबईला जाऊन हिचा नाच पाहिला. ती मी समासात पेन्सिलीनं लिहिली, ‘घरात असं सांगतात’ एवढ्याच शब्दांत. ओळीत घेतली नाही.

*‘कृष्णधवल. १३.८ × ८.८ सेंमी. कडांना रुपेरी झाक. निळ्या दिव्यात उजळत नाही.’*

माप पोस्टकार्डाचं आहे आणि मागे इंग्रजीत तसं छापलंही आहे. छायाचित्राच्या कागदावरच अशी कार्डं त्या काळी सर्रास निघत. छापा तिरका धरला की कडेच्या काळ्या भागांवर आरशासारखी चमक दिसते. चित्रातली चांदी हवेनं आणि दमटपणानं वर येऊन बसते, त्याची ही खूण. पुष्कळजण ती कापसानं पुसायला जातात. ती पुसू नये, तिच्याबरोबर चित्रही जातं.

निळा दिवा म्हणजे नोटा तपासायचा. स्टँडवरच्या दुकानदाराकडून तो संध्याकाळपुरता मागून आणला आणि दार लावून अंधार केला. शेजारी बहिणीच्या लग्नाचा १९८४चा फोटो ठेवला. लग्नाचा कागद नीळ दिलेल्या धोतरासारखा लखलखला, नर्तकीचा तसाच मंद राहिला. छायाचित्रांच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालायला १९५०च्या दशकात सुरुवात झाली. न उजळणारा कागद त्याआधीचाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण साधा कागद नंतरही मिळत होता. पण उजळला असता, तर जुनेपणाचा सगळा दावा तिथेच संपला असता. या कसोटीचा उपयोग तेवढाच आणि तो मोठा आहे.

*‘स्त्री, एकटी. घागरा, चोळी, ओढणी. कानावर मोठा दागिना. चेहरा एका बाजूला वळलेला.’*

वेशावरून नाव ठरवू नये. मी आधी तेच केलं होतं. १९३०च्या दशकात भारतीय पोशाखात जगभर नाचणाऱ्यांपैकी उदय शंकर यांची जोडीदार सिमकी फ्रेंच होती, मूळची सिमोन बार्बिये. रागिणी देवी अमेरिकन, जन्मनाव एस्थर शर्मन. घागरा आणि बिंदी पाहून कुणीही त्यांना लखनौच्या म्हणेल.

मग चेहरा पाहावा, तर स्टुडिओवाले नकारपट्टीवर पेन्सिलीनं भुवया कोरत, गाल गुळगुळीत करत. डोळे आणि ओठ सर्वांत जास्त हाताळलेले असतात. कानाकडे मात्र सहसा कुणी लक्ष देत नाही, म्हणून ओळख पटवताना कान भरवशाचा. इथे नेमका तोच दागिन्यानं झाकला आहे. पंधरा दिवस भिंग घेऊन बसलो होतो, हाती पाळीचा तुकडा लागला.

*‘मागे पेन्सिलीने, देवनागरीत: मेनका?’*

ही ओळ लिहिताना हात थरथरला होता. मेनका म्हणजे लीला रॉय, पुढे सोखी. १८९९ साली बारिसालला जन्मलेल्या. पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. भल्या घरच्या बाईनं रंगमंचावर नाचणं नाकं मुरडण्याजोगं होतं, त्या काळात त्यांनी कथ्थक शिकून घेतलं आणि नाव घेतलं ते थेट स्वर्गातल्या अप्सरेचं. एकट्यानं करायचं ते नृत्य त्यांनी समूहाच्या नृत्यनाट्यात आणलं: ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, पुढे कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’. परंपरेचंच व्याकरण घेऊन नवं वाक्य रचायचं हे धाडस होतं, आणि माझ्या मते त्यांचं खरं नवेपण तिथे आहे. १९३६ ते १९३८ त्यांचा संघ युरोपभर फिरला. १९३६च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत गौरवला गेला. सरोदिये सखावत हुसेन खाँ त्या दौऱ्यात होते. मेनकांच्या घरात वाढलेली मुंबईची दमयंती जोशी, जन्म १९२८, पुढे कथ्थकमधलं मोठं नाव झाली. नृत्यालयही त्यांनी काढलं ते आपल्या पुणे जिल्ह्यात, खंडाळ्याला. पाटसच्या फलाटावरून जाणारी मुंबईची गाडी त्याच घाटातून उतरते. १९४७ साली त्या गेल्या.

इतकं सगळं जुळत आलेलं पाहून नाव लिहून टाकावंसं वाटतं. पण लिहिणाऱ्यानं प्रश्नचिन्ह घातलं आहे, आणि ते नावाइतक्याच जोरानं, कागदावर वळ उमटेल असं घातलं आहे. त्याला जेवढी खात्री नव्हती, तेवढी मी कुठून आणू? नोंदीत ‘नाव’ हा रकाना मी कोरा ठेवला. ‘मागील मजकूर’ या रकान्यात ‘मेनका?’ हे चिन्हासकट उतरवलं.

*‘उभी, स्थिर.’ (खोडले.) ‘डावा पाय नुकताच टेकलेला.’*

या चित्रात घोट्याजवळची घुंगरं धूसर आहेत. मी ते भिंगाचा दोष म्हणून सोडून दिलं होतं.

पाटसहून पुण्याकडे निघालं की सुपे-मोरगावचा रस्ता फुटतो तिथे चौफुला लागतो. तिथल्या कलाकेंद्रांवर संगीतबारीच्या पार्ट्या असतात. एका केंद्रामागे राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या मावशींकडे मी छायाचित्राची मोठी प्रत घेऊन गेलो. उभी हयात त्यांनी पायात चाळ बांधले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चष्मा पुसला आणि अंगठा घोट्यावर ठेवला.

“हिनं पाय आत्ता टाकलाय, मास्तर.”

मी म्हटलं, “मावशी, ते पुसट आहे. जुना कॅमेरा.”

“मग घागऱ्याची चुणी पुसट का न्हाई? हातातली बांगडी का न्हाई? अंग थांबलं, चाळ थांबायचं हायती. पाय ठिवला की त्ये वाईच वाजत ऱ्हात्यात.”

घरी येऊन भिंग लावलं. उजव्या पायाची घुंगरं मण्यासारखी मोजता येतात. डाव्या पायाची नाहीत, आणि धूसरपणा घोट्याच्या वर चार बोटांवर संपतो. कॅमेऱ्याचा पडदा उघडला त्या क्षणी ही बाई पोज देऊन उभी नव्हती. ती समेवर आली होती. कदाचित छायाचित्रकारानं ‘थांबा’ म्हटलं असेल आणि तिनं तिच्या पद्धतीनं थांबून दाखवलं असेल. मी ओळ खोडली, शेजारी तारीख घातली आणि नवी ओळ कुणाच्या सांगण्यावरून लिहिली तेही मावशींना विचारून नावानिशी नोंदलं.

त्या दिवशी निघताना मावशींनी कपाटावरून एक चौकट काढली होती. काच तडकलेली, आत नऊवारीतली तरुण बाई, पायात चाळ, मागे रंगवलेला महाल. “माझी आई,” म्हणाल्या. चौकटीचे खिळे काढून मी चित्र उलटं केलं. मागचा पुठ्ठा कोरा होता.

पिशवीतून नोंदवही काढली आणि आठवं पान उघडलं. या पानावर मी रकान्यांचा क्रम बदलला. माप, कागद, वेश नंतर घ्यायचं ठरवलं. आधी मावशींना आईचं नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं, मग आजोळच्या गावाचं नाव सांगितलं, मग थांबून म्हणाल्या, “पुन्हा वाचून दावा बरं, नीट लिव्हलंय का.”