पोंवळ्यांचा लंडनवास

पोंवळें म्हटलें म्हणजे मंगळाच्या अंगठींतील तांबडा खडा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तो एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु या कुळांतील प्राणी समुद्रापासून दूर, शहरांतील घरांत जिवंत ठेवण्याचा खटाटोप कसा सुरू झाला, ही हकीकत तितकी परिचित नाहीं.

इ. स. १८४६ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील एक वरिष्ठ धर्माधिकारी लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी ॲना थिन या टॉर्की येथें गेल्या असतां, तेथील किनाऱ्यावरील कॅरिओफिलिया जातीच्या लहान पोंवळ्यांनीं त्यांना मोह घातला. उष्ण समुद्रांत बेटें रचणाऱ्या बहुतेक पोंवळ्यांच्या देहांत सूक्ष्म शैवालें राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पुरवितात. या थंड पाण्यांतील जातीजवळ असले बिऱ्हाडकरू नाहींत. तोंडाभोंवतालच्या बारीक बाहूंनीं वाहतें भक्ष्य पकडावें, तेव्हांच पोट भरावयाचें! तिला उजेड नसला तरी चालतो. अन्न आणि शुद्ध पाणी मात्र हवेंच. आणि या दोहोंचें हाडवैर. अधिक चारावें तर उरलेलें कुजून पाणी नासतें, कमी चारावें तर प्राणी खंगतो. लहान कांचपेटींत अशीं पोंवळीं पाळणाऱ्यास आजही हाच पेंच पडतो, आणि पेटी जितकी लहान तितकें पाणी लवकर बिघडतें.

बाईंनीं पोंवळीं सुईदोऱ्यानें स्पंजाला टांचलीं आणि दगडी बरणींतून लंडनला आणलीं. पाणी वरचेवर बदलणें भाग होतें. पण समुद्र कांहीं दारीं नव्हता. तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत पुनः पुनः ओतून त्यांत हवा मिसळण्याची युक्ति निघाली. अर्धा-पाऊण तास चालणारें हें काम घरच्या मोलकरणीकडे आलें. पोंवळीं तगलीं तीं तिच्या मनगटांवर, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं. पुढें १८४७ त बाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पति सोडल्या. त्यांनीं प्राणवायु पुरविला. अन्नाचा प्रश्न अर्थातच त्यांनीं सुटण्यासारखा नव्हता.

१८५० त रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांतील मासे व वनस्पति यांचा परस्पर तोल विद्वानांपुढें मांडला. १८५३ त लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि कांचपेट्यांचें वेड इंग्लंडभर पसरलें. थिनबाईंचीं टिपणें छापून आलीं तीं १८५९ त, गॉस यांच्या टीपांसह. तोंवर श्रेयाची वांटणी होऊन गेली होती. वॉरिंग्टन यांनीं तोलाचें शास्त्रीय कारण सांगितलें, हा त्यांचा मान कोणी हिरावून घेऊं नये. पण समुद्राच्या पाण्यापुरता पहिला मान बाईंचाच, असें आमचें मत आहे. त्यांना स्वतःला त्याची फारशी मातबरी वाटलेली दिसत नाहीं. त्या लेखाचा मथळाच मुळीं पोंवळ्यांच्या संख्यावृद्धीविषयींचा आहे; पाण्याची हकीकत त्यांत केवळ ओघानें आलेली.